पेवातली हाक

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, हे खडकनिंबीत कुणालाच धड सांगता येत नाही, आणि सांगता येतं असं जो म्हणतो त्याच्यावर तर मुळीच विश्वास ठेवू नका. वेशीबाहेरचा निंब तेव्हा रोप होता म्हणे. आज त्याच्या सावलीत दोन बैलगाड्या सोडतात.

त्या काळी पाटलाच्या घरात दोन जावा होत्या. थोरल्या जावेला सगळं गाव थोरलीच म्हणायचं. तिला नाव होतं, पण ते माहेरच्या शिवेवर राहिलं. सासरी दुसरं ठेवलं, ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. मोठ्या घरच्या सुनेचं नाव घ्यायचं कुणी? धाकटी मात्र हौसा. शेंबडं पोरसुद्धा तिला हौसाकाकू म्हणून हाक मारायचं. भाऊ वेगळे झाले तेव्हा थोरलीच्या वाट्याला मोठं घर, मळा, बैलांची दावण आणि अंगणातलं पेव आलं. हौसाला गावकुसालगतचं दोन खणांचं घर, माळाचा तुकडा आणि एक शेळी मिळाली.

पेव म्हणजे काय ते आताच्या पोरांना सांगावं लागतं. गावठाणाच्या पांढऱ्या घट्ट मातीत खोल खणलेलं धान्याचं तळघर. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत हे एवढं पोट. त्यात जोंधळा भरायचा, तोंडावर दगड ठेवायचा, मातीनं लिंपायचं, की दाणा वर्षानुवर्षं जसाच्या तसा. थोरलीच्या पेवाएवढं पेव पंचक्रोशीत नव्हतं. पण सासऱ्याच्या माघारी कुणी ते भरलं नव्हतं. घरचा जोंधळा माडीवरच्या कणग्यांत मावायचा, पेव रिकामं राहायचं आणि त्याच्या दगडावर थोरली कुरडया वाळवायची.

आता हौसाचं ऐका. तिला एक खोड होती. पहाटे जात्यावर बसली की दळणातली पहिली मूठ ती जात्यात घालायची नाही, शेजारच्या मडक्यात टाकायची. कुणासाठी ते तिलाही ठाऊक नव्हतं. आषाढात घरोघरचं धान्य तळाला जातं. तशा एका आषाढात शेजारची बाई पदराखाली रिकामं सूप झाकून तिच्या दारात येऊन उभी राहिली, आणि तिच्या तोंडातून शब्द फुटेना. हौसानं मडक्याकडे बोट केलं आणि स्वतः पाठ फिरवून जात्यावर बसली. "घे तुझं तू," म्हणाली, "मला दळायचंय." बाईनं किती घेतलं ते तिनं पाहिलं नाही. तोच पुढे नेम झाला. घेणाऱ्यानं आपल्या हातानं घ्यायचं आणि घरधनिणीनं पाठ करून दळत बसायचं.

असली गोष्ट लपून राहते होय? गावच्या बाया आपापल्या दळणातली मूठ आणून तिच्याकडे टाकू लागल्या. मडकं भरलं, कणगी आली. कणगी भरली, दुसरी आली. हौसाचा नवरा बाजलं उचलून अंगणात शेळीशेजारी झोपायला लागला. "घरात जोंधळ्याला जागा हाय, मला न्हाई," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, पण हसत सांगायचा. कणगीतून कितीही काढलं तरी ती संध्याकाळी पुन्हा तेवढीच दिसायची, असं म्हणतात. आणि लोकांच्या तोंडी एकच, हौसाची मूठ, हौसाची मूठ.

इथंच थोरलीच्या पोटात दुखायला लागलं.

थोरली काही वाईट नव्हती, हे आधी सांगितलेलं बरं. ती द्यायची. सणासुदीला पायलीपायलीनं द्यायची. पण तिचं देणं वाजतगाजत. घेणारीनं खाली अंगणात उभं राहायचं, ही वर ओट्यावर, आणि "कुणाची गं तू? धोंडीची सून न्हवं? घे, घे, पोटभर खा," हे सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात. घास घशात अडकावा असं ते देणं. हौसाची मूठ सुरू झाली आणि थोरलीच्या अंगणातली गर्दी आटली. एका संक्रांतीला ती भरलेलं सूप घेऊन ओट्यावर बसून राहिली. दुपार झाली तरी तिळगूळ मागायला आलेल्या पोरांखेरीज कुणी फिरकलं नाही, आणि पोरंही तिळगूळ घेऊन पळाली ती हौसाकडे.

विहिरीवर तीच तऱ्हा. थोरली आली की बाया पदर सावरून बाजूला व्हायच्या. हौसा आली की तिच्या डोक्यावरची घागर उतरवून घ्यायला चौघीजणी धावायच्या. थोरलीच्या घागरीला कधी कुणी हात लावला नव्हता. ती हे बघायची आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. "हिनं काय दिलं?" घरी येऊन ती पाटलांना विचारायची. "लोकांचंच घेती, लोकांनाच देती, आन नाव हिचं." पाटील तंबाखू मळत म्हणायचे, "मग तुला कमी काय हाय?" काय कमी आहे ते थोरलीला नेमकं सांगता यायचं नाही, म्हणून ती आणखी चिडायची.

एकदा तर तिनं कहरच केला. त्या कणगीत असं आहे तरी काय, ते बघायला भर दुपारी जुनं विटकं लुगडं नेसून, पदर नाकापर्यंत ओढून ती गरिबासारखी हौसाच्या घरात शिरली. सगळं बदललं होतं, फक्त पायातले चांदीचे तोडे काढायचे राहिले. मोठ्या घरची बाई, तोडे अंगाचाच भाग झालेले, त्यांचा आवाज तिला कुठला ऐकू यायला. हौसा पाठ करून दळत होती. तोडे वाजले तसं जातं क्षणभर थांबलं, आणि पुन्हा फिरायला लागलं. थोरलीनं सूपभर जोंधळा घेतला, घरी आणला, दळला, भाकरी केली. भाकरी गोड लागली. तिच्या मळ्याच्या जोंधळ्यापेक्षा गोड लागली, आणि त्या भाकरीचासुद्धा तिला हेवा वाटला.

मग ती वाट बघत बसली, की आता हे विहिरीवर निघेल. पाटलीण मुठीचं खाऊन गेली, असं हौसा चारचौघींत सांगेल. सांगितलं असतं तर निदान कडाकडा भांडता तरी आलं असतं. पण कुणी काही बोललं नाही. हौसानं कुणाला सांगितलंच नव्हतं. थोरलीचा राग असा की बाहेर पडायला त्याला दारच मिळेना.

पुढे एक साल असं आलं की रानात कणसं हातभर लांब झाली. धांडं कापताना माणसं दमायची आणि कणसं संपायची नाहीत, असं म्हणतात. त्या सुगीत बायांनी मुठीऐवजी पाट्या भरून जोंधळा आणला. हौसाच्या घरात चूल मांडायला जागा उरली नाही, ती अंगणात स्वयंपाक करू लागली. शेळी शेजाऱ्याकडे गेली. एका दुपारी कणगी फुटली आणि जोंधळा उंबरा ओलांडून आळीत वाहत आला. एकाही कोंबडीनं त्याला चोच लावली नाही असं म्हणतात. एवढी शहाणी कोंबडी नंतर कुणाच्या पाहण्यात नाही, पण म्हणतात खरं. आळीत पसरलेलं बायांनी सुपानं गोळा केलं आणि सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागल्या. एवढं ठेवायचं कुठं? उंदीर लागले होते, खालच्या दाण्यात पोखरणारे टोके पडायला लागले होते. आणि म्हाताऱ्यांचं म्हणणं, एवढं पिकलं की पुढचं साल कोरडं जातं. दाणा सांभाळला तर गाव तरणार, नाहीतर नाही. जागा एकच होती, आणि तिच्यावर थोरलीच्या कुरडया वाळत होत्या.

हौसा एकटीच गेली. ओट्याखाली उभी राहिली.

"आक्का, दाणा वाया चाललाय. पेव द्या."

"आन कुरडया कुठं वाळवू?"

"माझ्या दारात वाळवा. कावळं मी राखीन."

थोरलीच्या मनात किती दिवस शिजत होतं ते आता वर आलं. ती म्हणाली, "पेव देते. पर नाव माझं. हौसाची मूठ म्हणायचं न्हाई कुणी. थोरलीचं पेव म्हणायचं. चावडीवर समद्यांम्होरं सांगायचं, तुझ्या तोंडानं."

तिला वाटलं, आता ही रडेल. गयावया करेल, निदान थोडं तरी मागे-पुढे करेल. हौसा म्हणाली, "एवढंच व्हय? सांगते की. नावाला काय दाण्यावाणी जागा लागती? तेवढं पेव आदी भाजून घ्या आक्का, लई वर्सं बंद हाय."

आणि ती गेलीसुद्धा. थोरली ओट्यावर तशीच बसून राहिली. ज्या नावापायी इतकी वर्षं जीव जळत होता, ते हिनं कोंडा झटकावा तसं झटकून दिलं होतं. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं लुबाडल्यासारखं.

हौसानं चावडीवर सांगितलं. लोकांना आवडलं नाही, पण हौसाचा शब्द म्हणून त्यांनी जिभेला वळण लावलं. पेवात आधी जाळ केला, ओल मारली, कडेनं कडबा लावला आणि जोंधळा ओतला. एवढा जोंधळा, पण त्या पोटात तो जेमतेम निम्म्याला आला. तोंडावर दगड ठेवून ओल्या मातीनं लिंपलं, आणि त्या ओल्या मातीवर थोरलीनं आपला पंजा उमटवला. माती वाळली, पंजा राहिला. ती रोज सकाळी तो बघायची. गाव थोरलीचं पेव, थोरलीचं पेव म्हणायचं आणि ती ऐकायची, पण म्हणताना लोकांचे डोळे कुठं वळतात तेही ती बघायची. ते गावकुसाकडे वळायचे.

म्हाताऱ्यांचं खरं झालं. पुढच्या साली मिरग कोरडा गेला, आर्द्राही कोरडी गेली. ढग येत होते आणि खडकनिंबीला वळसा घालून जात होते. आषाढात चुली थंड पडायला लागल्या आणि पेव उघडायचं ठरलं.

आता पेव उघडायची एक रीत असते आणि ती तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. बंद पेवाच्या पोटात वाईट हवा साठते. दगड काढायचा आणि तो दिवस पेव नुसतं उघडं ठेवायचं. दुसऱ्या दिवशी दोरीला दिवा बांधून आत सोडायचा. दिवा तेवला तर माणूस उतरतो, विझला तर आणखी थांबायचं. घाई करणारा पेवातच राहतो.

त्या सकाळी गड्यांनी पंजाची माती फोडली, दगड बाजूला सारला आणि ते आपल्या कामाला गेले. थोरली ओट्यावर आली. तिथून तिला आळीच्या टोकापर्यंत दिसायचं. तिनं पाहिलं, तर गावच्या बाया टोपल्या, सुपं घेऊन उभ्या होत्या. तिच्या दारात नाही, हौसाच्या. कधी यायचं, कशातून न्यायचं, हे विचारायला त्या सवयीनं तिकडेच गेल्या होत्या. पेव माझं, नाव माझं, पंजा माझा, आणि अजून वाट तिच्याच दाराची? थोरलीच्या डोळ्यांपुढे लाल झालं. उद्या दिवा, उद्या उतरायचं, म्हणजे उद्याही हौसाच पुढे असणार. पहिला दाणा आपल्या हातानं वर आला पाहिजे. रीत तिला ठाऊक होती, सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होती, सासऱ्यानं तिलाच शिकवली होती. तिनं सूप काखेत मारलं, शिडी सोडली आणि ती पेवात उतरली. मत्सर माणसाला कुठं कुठं उतरवतो बघा.

आत ऊब होती आणि आंबूस वास होता. जोंधळ्यावर पाय टेकले, तिनं वाकून पहिली मूठ उचलली, आणि मूठ वर येईचना. हात दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा जड झाला. डोक्यावरचं उजेडाचं तोंड लहान लहान होत चंद्रकोरीएवढं झालं. मग तेही गेलं.

वर पहिल्यांदा कळलं ते हौसालाच. ती बायांना घेऊन रीत समजावत येत होती, उद्याच्याला या म्हणून. दगडाजवळ शिडीची टोकं दिसली आणि ती थबकली. तोंडाशी पालथी पडून तिनं आत पाहिलं. खाली चांदीचे तोडे चमकत होते. एक बाई उतरायला धावली, तिला हौसानं पदर धरून मागं ओढलं. "तू गेलीस तर दोघी जाल," म्हणाली. "घोंगडी आणा." बायांनी घोंगड्या आणल्या, दोरीला बांधून पेवात खाली-वर, खाली-वर करायला लागल्या, म्हणजे आतली हवा हलावी. आणि हौसा हाका मारायला लागली.

"आक्का," तिनं हाक मारली. खाली हालचाल नाही. "पाटलीणबाई." नाही. "थोरले." नाही. सासरी मिळालेलं, कुणी न घेतलेलं नावसुद्धा तिनं घेऊन पाहिलं. ते नाव तर थोरलीला स्वतःला आठवत नव्हतं.

मग हौसानं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि सगळा जीव एकवटून हाक दिली, "बयनेऽऽ!"

खाली, अंधाराच्याही खाली, थोरलीनं ती ऐकली. तिला वाटलं, आई हाक मारते आहे. माहेरच्या ओढ्याकाठी खेळताना तिन्हीसांजा झाल्यात आणि आई भाकरीसाठी बोलावते आहे. इतक्या वर्षांत या नावानं तिला कुणी बोलावलं नव्हतं. "बयनेऽऽ, उठ गं, बयनेऽऽ." आईनं हाक मारली की उठावंच लागतं. तिनं डोळे उघडले. बायांनी वरून सोडलेला दोरीचा फास तिच्या तोंडाशी लोंबत होता. तो तिनं काखेखालून घेतला की फासच आपसूक तिच्याभोवती बसला, यावर खडकनिंबीत अजून दोन मतं आहेत. बायांनी तिला वर ओढली. तिची मूठ उघडून पाहिली तर तीत जोंधळा होता.

ओट्यावर तिला निजवलं, तोंडावर पाणी मारलं. शुद्धीवर आल्यावर माणूस देवाचं नाव घेतं, पाणी मागतं. थोरलीनं हौसाकडे रोखून पाहिलं आणि विचारलं, "त्ये नाव तुला कुणी दिलं?"

"तुमची आई पयल्यांदा गाडीनं आली व्हती, तवा तिनं वेशीतनं हाक मारली व्हती. मी ऐकली," हौसा म्हणाली. "ठिवून घेतली. कवा लागंल म्हणून."

 थोरली रडली, आणि रडताना तिनं मुठीतला जोंधळा सोडला नाही. तो तिनं हौसाच्या पदरात घातला.

त्या साली खडकनिंबीतलं कुणी उपाशी मेलं नाही. आजूबाजूची गावं उठून गेली, त्यांच्यातली माणसंसुद्धा येऊन जेवून गेली, आणि पेवाचा तळ काही दिसला नाही, असं म्हणतात. थोरलीनं पेवाच्या तोंडाशी जातं मांडलं आणि पाठ करून ती दळत बसू लागली. कोण येतं, किती नेतं, तिनं पाहिलं नाही. एकदा तिच्या मागं ओळखीचा खोकला ऐकू आला. हौसाच्या घरातलं संपलं होतं. जातं क्षणभर थांबलं, आणि पुन्हा फिरायला लागलं.

फक्त एक गोष्ट तिला जमली नाही. तिनं चावडीवर जाऊन सांगितलं, की पेवाला हौसाचं नाव द्या. लोक बरं म्हणाले आणि घरी जाताना थोरलीचं पेव, थोरलीचं पेव असंच म्हणत गेले. जीभ एकदा वळली ती वळली. ओढून घेतलेलं नाव तिला फेडता येईना. हौसाला याचं फार हसू यायचं. "ऱ्हाऊ द्या की आक्का," ती म्हणायची, "तुमालाच हौस व्हती."

हौसा आधी गेली. त्यानंतरच्या सुगीत गावानं पेव गळ्यापर्यंत भरलं, आणि आषाढात ते उघडायची वेळ आली. थोरली तेव्हा वाकून दुमडली होती. तिला हाताला धरून पेवापाशी आणलं. ती पालथी पडली, तोंडाशी हात धरले, आणि जिला जन्मभर धाकटे, धाकटे म्हणून हाक मारली तिला पहिल्यांदा नावानं हाक दिली, "हौसेऽऽ."

पेव रिकामं असलं तर हाक परत येते. भरलेलं पेव हाक गिळून टाकतं, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. पेव गळ्यापर्यंत भरलेलं होतं. तरी हाक परत आली, असं म्हणतात. आणि ती "हौसे" अशी आली नाही. "बयनेऽऽ" अशी आली. जमलेल्या सगळ्या बायांनी ऐकली.

थोरलीनं डोळे पुसले आणि ती म्हणाली, "बघा. तितंबी माझ्या आदी जाऊन बसली." जित्याची खोड ती, जाते थोडीच.

आता पेव बुजलं. ते लहान पडायला लागलं तेव्हा गावानं चावडीमागं खोली बांधली, ती लहान पडली तेव्हा शाळेजवळ सिमेंटचं कोठार बांधलं, आणि तेही आता लहान पडतंय म्हणून यंदा पाटलांच्या वारसांनी मळ्याचा कोपरा दिला आहे. भिंतीवर रंगानं लिहिलंय, थोरलीचं पेव. दळण गिरणीत जातं, तरी घरोघरची पहिली मूठ वेगळी निघते. दाराशी जी बाई बसते ती पाठ करून बसते, आणि जातं नसलं तरी समोर काहीतरी निवडत बसते.

आषाढात कोठार उघडताना कुणी लगेच आत जात नाही. गावातली सगळ्यात म्हातारी सून उंबऱ्याशी वाकते आणि आत हाक देते, "हौसेऽऽ." सगळ्याजणी कान देऊन थांबतात. मग प्रत्येक बाई शेजारच्या बाईकडे वळते आणि तिला तिच्या माहेरच्या नावानं हाक मारते. ते नाव वर्षभर कुणी घेतलेलं नसतं. शेजारणीनं ते कधीतरी ऐकून ठेवलेलं असतं. सगळ्यांची नावं घेऊन झाली, प्रत्येकीनं ओ दिली, की मग सूप आत जातं.